पेन्शनवर पाणी

टाचणीकाकूंचं खरं नाव फक्त बँकेला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा अंगाने काडी, जिभेने टोकदार आणि पदराला सदैव चार टाचण्या खोचलेल्या, कारण शिवणकाम हाच त्यांचा उद्योग. धाकट्या दिराने पहिल्याच आठवड्यात ‘टाचणी’ म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे वयाने त्याला ‘काकू’ जोडून दिलं, एवढंच.

त्यांचे यजमान पाणीखात्यात मीटर वाचायचे. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून त्यांचा स्वभावही वाकलेलाच झाला होता. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही, आवाज चढवणं तर नाहीच. पहिल्या तारखेला पगार आणून शिवणयंत्राच्या फळीवर ठेवायचा आणि म्हणायचं, “मोजून घे.” टाचणीकाकू कधी मोजत नसत, आणि ते कधी म्हणायचं सोडत नसत. निवृत्त झाल्यावर पगाराची पेन्शन झाली, पण फळी तीच राहिली. मग एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, तो उघडलाच नाही. जाण्यातसुद्धा त्यांनी कुणाला त्रास दिला नाही.

टाचणीकाकूंना वाटलं, माणूसच गेला, आता त्याची पेन्शन कसली? पण मुलगा त्यांना पेन्शनच्या कचेरीत घेऊन गेला. खिडकीत एक ठसठशीत बाई बसल्या होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, कपात थंड झालेला चहा. त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला, लग्नाचा दाखला पाहिला, टाचणीकाकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, पेन्शन माणसाबरोबर मरत नाही. ती जरा बारीक होते आणि बायकोकडे राहायला जाते.”

आणि आली की खरंच. दर पहिल्या तारखेला सकाळी टाचणीकाकूंचा फोन शिवणयंत्राच्या फळीवर ‘टिंग’ वाजायचा. बँकेचा निरोप. त्या हातातलं काम थांबवायच्या, फोनकडे बघायच्या आणि मोजायच्या नाहीत.

असं वर्ष गेलं, आणि कचेरीतून बोलावणं आलं. पेन्शन खाणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं तिथे जाऊन सिद्ध करायचं, हयातीचा दाखला द्यायचा, असा नियम होता. त्यासाठी एक छोटं यंत्र आणलं होतं. अंगठा ठेवा, हिरवा दिवा लागला की तुम्ही आहात.

टाचणीकाकूंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा ठेवला. लाल. मग एकेक करत दहाही बोटं झाली. जन्मभर सुया ढकलून बोटांच्या रेघाच पुसून गेल्या होत्या.

“काकू,” खिडकीतल्या बाई चेहरा पाडून म्हणाल्या, “यंत्र म्हणतंय, तुम्ही नाही आहात.”

“मग इतका वेळ तुमच्याशी बोलतंय कोण?”

मागे रांगेत कुणीतरी खो खो हसलं. टाचणीकाकूंनी वळून पाहिलं. रुंद खांद्यांचे, उन्हाने रापलेले एक गृहस्थ, गळ्यात दोरीला शिट्टी. टाचणीकाकू टोचायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या गृहस्थांचा नंबर आला. त्यांनी ऐटीत अंगठा ठेवला. लाल दिवा. आता टाचणीकाकूंची हसायची पाळी होती, आणि त्यांनी ती सोडली नाही.

ते शहराच्या पोहण्याच्या तलावावरचे मास्तर होते. निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं आणि त्यापायी सगळी हयात पाण्यात गेली होती, बोटांच्या रेघांसकट.

“दोघे त्या बाकावर बसा,” खिडकीतल्या बाईंनी फर्मावलं. “साहेब जेवून आले की स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.”

दोघे बसले. थोडा वेळ गंभीरपणे भिंतीकडे बघत राहिले. मग मास्तरांनी हलक्या आवाजात विचारलं, “तुम्ही कशाने गेलात?”

“शिवणकामाने,” टाचणीकाकू म्हणाल्या. “तुम्ही?”

“पाण्याने.”

“फार त्रास झाला का?”

“छे. कळलंसुद्धा नाही. आत्ता खिडकीवर कळलं.”

मग जे हसू फुटलं, ते आवरेना. एक थांबायचं तोवर दुसऱ्याला उबळ यायची. टाचणीकाकूंनी पदर तोंडात कोंबला, मास्तरांनी टोपी. रखवालदार येऊन म्हणाला, “अहो, कचेरी आहे ही!” त्यावर मास्तर म्हणाले, “आम्ही मेलेलो आहोत, आम्हाला चालतं,” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. साहेब दात कोरत आले आणि बाकाकडे पाहून त्यांनी विचारलं, “हयात आहेत का हे?” खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “नको तेवढे.” साहेबांनी सही ठोकली.

पायऱ्या उतरताना मास्तर म्हणाले, “सकाळी तलावावर या. मी अजून म्हाताऱ्यांचा वर्ग घेतो, फुकट. पाण्याची भीती वाटते का?”

“माझ्या घरचे जन्मभर पाणी मोजत होते. मी काही त्यात उतरले नाही.”

“मग उतरा की आता!”

घरी पोचेपर्यंत टाचणीकाकूंनी मनात पोहण्याच्या पोशाखाचा कागदी नमुना कापूनसुद्धा ठेवला होता. दुकानातले पोशाख त्यांना पसंत नव्हते. झाकायचं ते उघडं आणि आवळू नये ते आवळलेलं. त्यांनी छत्रीचं काळं कापड घेतलं, गुडघ्यापर्यंत घेर दिला, कडेला लाल पट्टी लावली आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस खिसे शिवले, कारण खिशाशिवाय कपडा शिवणं त्यांना पाप वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्या खिशांनी घात केला. टाचणीकाकू पायरीपायरीने पाण्यात उतरल्या, आणि खिशांत हवा भरून ते दोन फुग्यांसारखे टरारले. बुडायची भीती घेऊन आलेल्या बाईला काही केल्या बुडताच येईना! कंबर वर, डोकं खाली, पाय आभाळाकडे. मास्तरांनी धावत जाऊन त्यांना सरळ केलं. हसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण टाचणीकाकूंनी तोंडातलं पाणी थुंकून, “लाल पट्टी दिसली ना सगळ्यांना?” असं विचारलं, आणि मास्तरांचा बांध फुटला. इतके हसले, इतके हसले की त्यांची दातांची कवळी उसळून बाहेर पडली आणि डुबुक करून तळाला गेली. मग मास्तरांनी बुडी मारली. सगळा वर्ग काठाला धरून श्वास रोखून वाट बघत राहिला. मास्तर वर आले ते दात बसवून, हसतच.

त्या दिवसापासून टाचणीकाकूंना जमिनीवर चालल्यासारखं वाटेचना. भाजी निवडताना गाणं, काज करताना गाणं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि तो परत आला तेव्हा रागवायच्या ऐवजी त्याला चहा पाजला.

सूनबाईंच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. सूनबाई शहराची बस चालवायच्या आणि त्यांच्या बसला वरचा मोठा आरसा होता. रोज तलावाच्या थांब्यावर सासूबाई ओल्या केसांनी चढत, मागोमाग शिट्टीवाले मास्तर चढत, आणि अर्धी बस रिकामी असली तरी पुढच्यामागच्या बाकांवरच बसत. सूनबाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने आईला सांगितलं, “त्यांना चहाला बोलव.”

मुलाची दातांच्या कवळ्या बनवायची छोटी कार्यशाळा होती. स्वभावाने तो काळजीखोर. आभाळ निरभ्र असलं तर ते फार दिवस निरभ्र राहिलंय म्हणून काळजी करणारा. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीत बसले आणि नम्रपणे हसले. मुलगा टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मास्तर हसायचे थांबले.

“नाही, नाही, हसा,” मुलगा पुढे वाकला. “जरा डावीकडे वळून हसा. अरेच्चा! ही तर माझीच! हा सुळा मी हाताने घासलाय.”

“म्हणजे हे हसू तुमच्या घरचं आहे,” मास्तर म्हणाले.

टाचणीकाकूंना चहाचा ठसका लागला. मुलाने मात्र कवळी मागून घेतली, उजेडात धरली, ढिली झालीय म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पक्की करून दिली. आपल्या हातच्या दातांवर फार काळ संशय घेता येत नाही.

यानंतर जे झालं ते भर बसमध्ये झालं. सकाळची वेळ, बस बऱ्यापैकी भरलेली. मास्तर मागच्या बाकावरून पुढे झुकून म्हणाले, “टाचणीबाई, मला पेन्शन आहे.”

“ठाऊक आहे. त्या बाकावर बसूनच तर ओळख झाली.”

“बायको फार लवकर गेली. मूलबाळ नाही. मी गेलो की माझी पेन्शन तिथल्या तिथे बुडणार. कुणाकडेच राहायला जाणार नाही.” त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. “ती अशी वाया जाऊ नये, असं मला वाटतं.”

“मग?”

“मग... तुम्ही घेता का?”

टाचणीकाकूंना काही उमगेना. “तुमची पेन्शन मी कशी घेणार? ती बायकोलाच मिळते.”

मास्तर लालबुंद झाले. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या पलीकडच्या बाईंना हे असह्य झालं. “अहो बाई, लग्नाचं विचारताहेत ते!”

कचकन ब्रेक लागला. उभे लोक एकमेकांच्या अंगावर गेले. आरशात सूनबाईंचे डोळे बशीएवढे झाले होते. मागे गाड्यांचे भोंगे वाजायला लागले.

“आई,” सूनबाई ओरडल्या, “काय ते सांगून टाका, रस्ता अडलाय!”

“उतरताना सांगते,” टाचणीकाकू कशाबशा म्हणाल्या. पण त्यांचा थांबा आला आणि गेला, मास्तरांचाही आला आणि गेला. दोघे थेट आगारापर्यंत गेले. तिथे सूनबाईंनी त्यांना हाताला धरून उतरवलं तेव्हा टाचणीकाकू म्हणाल्या, “हो.” “कशाला हो?” सूनबाईंनी विचारलं. “ह्यांनी विचारलं त्याला,” असं म्हणून टाचणीकाकू दोन बसगाड्यांच्या मधून वाट काढत, चुकीच्या दिशेने, भराभर चालायला लागल्या.

घरी ही बातमी ऐकून मुलगा आधी हसला आणि मग एकाएकी पांढरा पडला.

“आई, बाबांची पेन्शन! विधवेने पुन्हा लग्न केलं की ती बंद होते. मी स्वतः वाचलंय.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. आणि मास्तर आहेत तोवर त्यांची पेन्शन त्यांची. ती तुझ्याकडे यायची ते गेल्यावर. मधे तुझ्या हाताशी स्वतःचं काय? शिवण? डोळे किती दिवस साथ देणार?” तो येरझाऱ्या घालायला लागला. “त्यापेक्षा... म्हणजे मी म्हणतो... तुम्ही दोघं राहा की एकत्र. खुशाल राहा. सही कशाला करायला हवी?”

टाचणीकाकूंनी कात्री खाली ठेवली. “म्हणजे बिनलग्नाची राहू?”

“हल्ली सगळे राहतात.”

“तू कॉलेजात असताना त्या केशरी सायकलवालीबरोबर भटकायचास तेव्हा मी ओरडले होते. त्याचा सूड उगवतोयस का?”

“कोण केशरी सायकलवाली?” सूनबाईंनी विचारलं.

पुढचा अर्धा तास पेन्शन बाजूला राहिली. सूनबाई हसून हसून जमिनीवर बसल्या होत्या. “लोकांच्या घरी म्हातारी माणसं मुलांच्या मागे लागतात, बाबांनो लग्न करा, लग्न करा. आमच्याकडे मुलगा आईला म्हणतोय, अशीच राहा!”

पण मुलाची काळजी काही जाईना. दुसऱ्या दिवशी तो तलावावर गेला आणि मास्तरांना सगळं नीट, आदराने सांगून आला. त्याचा हेतू वाईट नव्हता. परिणाम मात्र वाईट झाला. मास्तर वर्गाला यायचे बंद झाले. गुडघा दुखतोय, असा निरोप त्यांनी ठेवला.

“गुडघा!” टाचणीकाकू कडाडल्या. “पाण्यात कुणाचा गुडघा दुखतो?”

त्या पोशाख बदलून तडक पेन्शनच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या बाईंनी ऐकून घेतलं, केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

“नियम तसाच आहे, काकू. दरवर्षी तुम्हाला सही करून द्यावी लागते, मी पुन्हा लग्न केलेलं नाही म्हणून.”

“मग लग्न करायचं असलेल्या बायका काय करतात?”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “काही जणी करतच नाहीत. काही जणी कुठेतरी लांब जाऊन गुपचूप करतात, इथे येऊन सही करतात आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. मीही बघत नाही. काय बघू? कुणाचा संसार मोडून मला काय मिळणार?”

“आणि खरं सांगून पेन्शन सोडतात त्या?”

“मी बसल्यापासून एकही आली नाही,” बाई म्हणाल्या. मग जराशा उत्सुकतेने पुढे झाल्या. “मास्तर काय? शिट्टीवाले? त्या दिवशीच मला वाटलं होतं.”

टाचणीकाकू तिथून निघाल्या त्या मुलाच्या कार्यशाळेत. तो टेबलावर वाकला होता, भोवती प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. त्या स्टुलावर टेकल्या.

“तुझी काळजी खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “मला पैशाचं सोंग आणता येत नाही. पण पैशाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मनातली वेगळी. ऐकतोस का?”

मुलाने दिवा बंद केला.

“तुझे बाबा गेले आणि तरी पहिल्या तारखेला यायचे थांबले नाहीत. फोन टिंग वाजतो, तेव्हा मला ते फळीवर पाकीट ठेवताना दिसतात. मोजून घे, म्हणतात. ही पेन्शन मी खाते म्हणून घेत नव्हते रे. ते येतात म्हणून घेत होते.” त्यांनी नाक पुसलं. “आता मी खोटी सही केली, तर ते यायचे आणि मी त्यांच्याकडे बघायची नाही. त्या बायका खिडकीत करतात तसं. त्यापेक्षा मी त्यांना दारापर्यंत पोचवते. नीट. जा म्हणते, खूप केलंत, आता बसा निवांत.”

मुलाने हातातला प्लास्टरचा जबडा उघडला, मिटला, उघडला, मिटला. मग डोळे पुसले, आणि सगळ्या तोंडाला पांढरी पूड लागली.

“आणि कमी पडलं तर?” त्याने विचारलं.

“तर तुझ्याकडे मागेन. लाजणार नाही. तुला लहानपणी किती शर्ट फुकट शिवले, त्याची शिलाई अजून यायचीय.”

मुलगा रडता रडता हसला. टाचणीकाकूंना तेवढं पुरलं. त्या उठल्या आणि मास्तरांच्या घराकडे निघाल्या.

मास्तर चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. दार उघडंच होतं. मास्तर तव्यावर अंडं मोडत होते, चेहरा सुतकी, गळ्यात शिट्टी मात्र होती.

“गुडघा कसा आहे?” दारातूनच टाचणीकाकूंनी विचारलं.

मास्तरांच्या हातातलं अंडं तव्याऐवजी चपलेवर पडलं. “टाचणीबाई, तुमची रोजी घालवून मला सुख नको. तुमच्या मुलाचं बरोबर आहे.”

“माझ्या मुलाचं बरोबर आहे, तुमचंही बरोबर आहे, नियमाचंही बरोबर असेल. सगळे एवढे बरोबर आहात, तर मी एकटीच चुकते. करता का माझ्याशी लग्न?”

मास्तर उभ्या उभ्या डुलले. “पण तुम्हाला मिळणार काय? मी जाईपर्यंत काहीच नाही!”

“आणि तुम्ही जाणार हे कुणी ठरवलं? मी आधी गेले तर?”

“छे, छे! तसं चालणार नाही. मी मोठा आहे, मी आधी जाणार.”

“वयाने मोठे म्हणून सगळीकडे पुढे? बसमध्येसुद्धा बायकांना आधी चढू देतात!”

“अहो, मग माझ्या पेन्शनचं काय? ती पुन्हा बुडेल!”

“बुडू दे! पेन्शनसाठी लग्न करतेय का मी?”

“मग कशासाठी करताय?”

हा प्रश्न इतका सरळ आला की टाचणीकाकूंची जीभ आयुष्यात पहिल्यांदा बोथट झाली. त्यांनी तव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुम्ही तव्याखालचा गॅस बंद करा. घर पेटेल.” मास्तरांनी गॅस बंद केला आणि शिट्टी फुंकली. जोरात, लांबलचक. चारही मजल्यांची दारं उघडली.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून मुलगा होता आणि गणवेशातल्या सूनबाई होत्या. त्या कामाच्या मधल्या सुट्टीत आल्या होत्या आणि घड्याळाकडे बघत “लवकर, लवकर, माझी बस सुटेल,” म्हणत होत्या. “तुझ्याशिवाय कशी सुटेल?” मुलाने विचारलं. टाचणीकाकूंनी स्वतःसाठी जांभळा पोशाख शिवला होता, मास्तरांसाठी त्याच कापडाची टोपी. सही करताना दोघांना पुन्हा बाकावरची उबळ आली आणि नोंदणी अधिकाऱ्याने शंका काढली की वधूवर शुद्धीवर आहेत ना.

तिथून चौघे सरळ पेन्शनच्या कचेरीत. टाचणीकाकूंनी खिडकीत लग्नाचा दाखला सरकवला. “माझी पेन्शन थांबवायची आणि ह्यांच्या कागदावर बायको म्हणून माझं नाव घालायचं.”

“ह्यांच्या म्हणजे कुठल्या ह्यांच्या?” बाईंनी विचारलं. “आधीचे हे, की आत्ताचे हे?”

“आधीच्या ह्यांची थांबवायची, आत्ताच्या ह्यांच्यावर चढवायचं.”

आतले कारकून एकेक करत गोळा झाले. स्वतःहून पेन्शन सोडणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पेन्शन सुरू करायला अर्ज होता, वाढवायला अर्ज होता, हरवली तर शोधायला अर्ज होता. सोडायला अर्जच नव्हता. शेवटी साहेबांनी सांगितलं, साध्या कागदावर लिहून द्या. टाचणीकाकूंनी लिहिलं. सही करताना त्यांचा हात थांबला. मास्तर हळूच दोन पावलं मागे सरकले आणि खिडकीबाहेरचं झाड बघत राहिले, जणू आत चाललंय ते फक्त त्या दोघांमधलं होतं, टाचणीकाकूंच्या आणि पाणीखात्यातल्या त्या शांत माणसाच्या. टाचणीकाकूंनी ओठ हलवून काहीतरी म्हटलं, सही केली आणि मास्तरांना हाक मारली.

“आता आत्ताचे हे,” बाई म्हणाल्या. त्यांनी नाव लिहिलं, शिक्का मारला आणि जीभ चावली. “एक राहिलं. निवृत्तीनंतरचं लग्न असलं, तर लग्नानंतर यजमान निदान एक वर्ष जगले पाहिजेत. तरच पेन्शन बायकोला.”

टाचणीकाकू सावकाश वळल्या. “ऐकलंत?”

“ऐकलं,” मास्तर म्हणाले.

“अंडी आठवड्यातून दोन. तलावाच्या वरच्या फळीवरून उडी मारणं बंद.”

“पेन्शनसाठी करत नव्हता ना लग्न?”

“नव्हतेच. पण आता नियम कळला आहे तर पाळायला नको?”

साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. सूनबाईंची बस त्या दिवशी उशिरा सुटली, आणि विचारणाऱ्या प्रवाशांना त्यांनी सांगितलं, “सासूचं लग्न होतं.” कुणीही तक्रार केली नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं म्हणाल, तर धावपळीत. पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला टाचणीकाकू सकाळभर गप्प होत्या. मास्तरांनी काही विचारलं नाही, नुसते शेजारी बसून मटार सोलत राहिले. दुसऱ्या महिन्यात मात्र उसंतच मिळाली नाही. तलावावरच्या बायकांनी छत्रीच्या कापडाचा पोशाख पाहिला होता आणि आता प्रत्येकीला तसाच हवा होता, खिसे वगळून. मास्तरांच्या दोन खोल्यांत कापडाचे गठ्ठे आले आणि मास्तर काजं करायला शिकले. वाकडी करायचे, पण मन लावून करायचे. मुलगा रविवारी यायचा, दिवे, तारा, गॅसची नळी, सगळं तपासायचा, काळजी करायला नवीन घर मिळालं म्हणून सुखावायचा. केशरी सायकलवालीचा विषय अधूनमधून निघायचा.

मास्तरांना साधी शिंक आली तरी टाचणीकाकू कॅलेंडरकडे बघायच्या आणि मास्तर मुद्दाम दोनदा शिंकायचे. वर्ष भरलं त्या सकाळी मास्तर पलंगावर उताणे पडले, हात छातीवर जोडले आणि म्हणाले, “झालं. आता मी मरायला मोकळा.”

“मरून तर बघा!” टाचणीकाकू आतून ओरडल्या. “सात पोशाखांची काजं बाकी आहेत!”

त्या दिवशी संध्याकाळी दोघे बाजारातून परत आले. चौथा मजला, दोघांच्या हातांत पिशव्या, मधल्या जिन्यावर दम लागला म्हणून थांबले. मास्तर काहीतरी बोलले. काय ते कुणाला ऐकू आलं नाही, पण टाचणीकाकू कठड्याला टेकून हसायला लागल्या, पिशवी सुटली आणि बटाटे टपटप करत पायऱ्यांवरून खाली घरंगळत निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. पायाशी बटाटे, वर दोन म्हातारे पोट धरून बसलेले.

“अहो, काय झालं?” त्यांनी विचारलं.

दोघांपैकी एकालाही सांगता येईना. मग त्या खाली वाकल्या आणि बटाटे गोळा करायला लागल्या, आणि कारण ठाऊक नसताना त्यांनाही हसू यायला लागलं.